रंग नोंदीचा, ओळीचा नव्हे

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री येऊ लागली की अडत्याच्या संगणकावर हिशोबपट्ट्यांची यादी भराभर वाढते. पैसे दिलेली पट्टी हिरवी आणि बाकी असलेली तांबडी दिसावी, अशी मागणी आली की आपण ती चटकन पुरी करतो. मग मुनीम आकड्याआधी रंग पाहतो आणि त्याच भरवशावर समोरच्या शेतकऱ्याला उत्तर देतो. ओळीला रंग देणे म्हणजे त्या नोंदीबद्दल विधान करणे. ते खरे ठेवण्याची जबाबदारी आपली, प्रोग्रामरची आहे.

हे विधान बहुधा यादी सरकवताना चुकते. नोंदी दहा हजार असल्या तरी पडद्यावर मावतील तेवढ्याच पेशी तयार होतात आणि पुढच्या नोंदींसाठी त्याच पुन्हा वापरल्या जातात. जावाएफएक्सच्या ‘अपडेटआयटम’मध्ये ‘बाकी असेल तर तांबडा’ एवढेच लिहिले आणि एरवी रंग काढलाच नाही, तर पैसे मिळालेल्या पट्टीवर आधीचा तांबडा तसाच राहतो. रिकाम्या पेशीही रंगीत दिसू लागतात. स्विंगमध्ये तर एकच रेंडरर सगळ्या ओळींवर शिक्क्यासारखा उमटतो. म्हणून रंग द्यायची अट लिहाल तेव्हा तो काढायची अटही लिहा. शिवाय रंग ओळीच्या क्रमांकाशी बांधू नका; मुनिमाने यादी तारखेऐवजी गावानुसार लावली की तो भलत्याच पट्टीवर जातो. डब्ल्यूपीएफमध्ये डेटा ट्रिगर, क्यूटीमध्ये मॉडेलचा बॅकग्राउंडरोल अशी साधने वेगवेगळी आहेत, पण ओळीचे रूप नोंदीच्या अवस्थेवरूनच ठरले पाहिजे.

रंग एकटा पुरतही नाही. तांबड्या-हिरव्यात फरक न कळणाऱ्या माणसासाठी ‘बाकी’ हा शब्द ओळीत हवाच. ओळ निवडल्यावर निळ्या पट्ट्यावर तांबडी अक्षरे बुडतात. निवडलेल्या अवस्थेचे रंग वेगळे ठरवा. वेबसाठी डब्ल्यू-थ्री-सीने साध्या मजकुराला सांगितलेले ४.५:१ हे अक्षर आणि पार्श्वभूमीतले किमान रंगांतर (कॉन्ट्रास्ट) डेस्कटॉपवरही पाळण्याजोगे आहे.

मराठी यादीची आणखी एक गरज आहे. ‘मूर्तिजापूर’ लिहून पाहा: वर वेलांटी आणि रफार, खाली दोन दीर्घ ऊकार. रोमन अक्षरांच्या मापाने ओळीची उंची पक्की केली तर ही चिन्हे छाटली जातात. अवस्था दाखवायला अक्षरे ठळक किंवा तिरपी करणेही टाळा: लहान आकारात ठळक केलेली जोडाक्षरे गिचमिड होतात, आणि तिरपी अक्षरे देवनागरीच्या वळणाची नाहीत. उंची फॉन्टवरून मोजून घ्या आणि अवस्था दाखवायला ओळीच्या कडेला रंगीत पट्टी किंवा चिन्ह द्या.

पुढची आवृत्ती ग्राहकाला देण्याआधी यादी टोकापर्यंत सरकवा, क्रमवारी उलटी करा आणि एक पट्टी ‘बाकी’वरून ‘दिली’ करा. तिन्ही वेळा प्रत्येक ओळीचा रंग तिच्या नोंदीशी जुळला, तरच काम पुरे झाले असे समजा.