वैतागासकट माया
कॅनडातले लेखक रॉबर्ट मन्श यांचं ‘लव्ह यू फॉरेव्हर’ हे चित्रपुस्तक १९८६ साली आलं. त्यातली आई दिवसा पोराच्या उपद्व्यापांनी मेटाकुटीला येते आणि रात्री तो झोपला की त्याला कुशीत घेऊन गाते. पोरगा बाप्या झाला तरी तिचा नेम मोडत नाही. मोठ्या मुलाच्या खोलीत रात्री रांगत शिरणारी आई अनेकांना विचित्र वाटते. पण मन्श यांची दोन बाळं मृत जन्मली होती आणि पुस्तकाआधी ते गाणं त्यांच्यासाठी सुचलं होतं, हे कळलं की त्या अतिरेकाचा अर्थ लागतो. जी मुलं वाढलीच नाहीत, त्यांना बापाने जणू कागदावर वाढवलं. माया आणि वैताग एकाच घरात नांदतात हे कबूल करणारं हे पुस्तक मला गोडगोड पुस्तकांहून खरं वाटतं.