‘साधी गाठ’ हे निदान नव्हे

१/ आमच्या वैजापूरला स्तनातील गाठीस दोनच नावे मिळतात : ‘साधी गाठ’ किंवा ‘कॅन्सर’. दोन्ही बहुधा तपासणीआधीच दिली जातात. माझा आक्षेप त्यालाच आहे आणि तो इतिहासाच्या आधारे मांडते.

२/ १८३८. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी एका दुर्मीळ गाठीचे वर्णन केले. आत पानांसारख्या घड्या, म्हणून ग्रीक शब्दावरून ‘फायलोड्स’. मांसल, म्हणून ‘सिस्टोसार्कोमा’. ‘सार्कोमा’ म्हणजे तेव्हा केवळ मांसल वाढ. खुद्द म्युलर या गाठीस निरुपद्रवी मानत.

३/ पुढे ‘सार्कोमा’ हा शब्द कर्करोगवाचक झाला. नाव मात्र चिकटून राहिले. प्रकार न पाहता संपूर्ण स्तन काढण्याकडेही दीर्घकाळ कल होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘फायलोड्स ट्यूमर’ हे नाव स्वीकारले. आज तिचे सौम्य, सीमावर्ती आणि घातक असे तीन प्रकार मानतात. बहुसंख्य सौम्यच असतात.

४/ भीतीच्या नावाने एक चूक झाली. दिलाशाच्या नावाने दुसरी होते. ही गाठ हाताला फायब्रोअ‍ॅडिनोमासारखीच लागते : घट्ट, गुळगुळीत, हलणारी. सोनोग्राफीही फसते. बारीक सुईच्या तपासणीत पुष्कळदा फरक कळत नाही. कोअर बायोप्सी लागते. चाळिशीत गाठ झपाट्याने वाढू लागली, तर शंका घ्यायलाच हवी.

५/ मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ भोवतालच्या निरोगी भागासह काढायची. सीमावर्ती आणि घातक प्रकारांत ही कडा विशेष महत्त्वाची. नुसती सोलून काढली, तर परतण्याचा धोका वाढतो. माझ्या मावशीची तशीच काढली. ‘साधीच आहे’ म्हणून तुकडा तपासणीस गेलाच नाही. दीड वर्षात गाठ परतली, तेव्हा कुठे तिचे खरे नाव कळले.

६/ ‘स्तनाच्या गाठींत जिचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी, तिची चर्चा कशाला?’ हा युक्तिवाद पोकळ आहे. काढलेली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेलीच पाहिजे, हा नियम दुर्मीळ गाठ पकडतो, तसाच नेहमीचा कर्करोगही. छत्रपती संभाजीनगरात घाटी आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तालुक्यात सोय नाही, ही सबब पुरेशी नाही.

७/ इतिहासाचा विद्यार्थी पुराव्याविना निष्कर्ष स्वीकारत नाही. घरातील बाईच्या गाठीबाबत मात्र आपण तो निमूट स्वीकारतो. आई, मावशी, बहीण, कुणाचीही गाठ काढली, तर एकच प्रश्न विचारा : पॅथॉलॉजीचा अहवाल कुठे आहे?