साडी तीच, मान वेगळा!

पुरुषाने साडी नेसून, केसात गजरा माळून लोकांपुढे उभे राहणे महाराष्ट्राला नवे नाही. नवे एवढेच की, आता या कलेला 'ड्रॅग' हे इंग्रजी नाव मिळाले आहे आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून ती घराघरात पोहोचली आहे. या बदलाचे आम्ही स्वागत करतो. परंतु स्वागत करताना एक प्रश्न विचारणे आम्हाला आवश्यक वाटते. हा मान नेमका कलेला मिळतो आहे की कलावंताच्या जागेला?

मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये 'बिग बॉस'च्या आठव्या पर्वात ते नाव प्रथम घरोघरी गेले. २०१८ मध्ये झी टीव्हीच्या 'सा रे ग म प' स्पर्धेत तोच चेहरा 'राणी कोहिनूर' या रूपात अवतरला. एकाच गाण्यात पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज लावून राणीने परीक्षकांना थक्क केले. २०२१ मध्ये 'क्वीन ऑफ द युनिव्हर्स' या ड्रॅग गायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या भारतातून गेल्या. पुढे ट्रान्स स्त्री म्हणून त्या जाहीरपणे समाजापुढे उभ्या राहिल्या. ज्या देशात अशा माणसाला टाळ्या वाजवून हिणवले जाते, त्या देशात त्याच माणसाने टाळ्या मिळवाव्यात, ही साधी गोष्ट नव्हे. हे धैर्य आहे आणि त्याला आमचा सलाम आहे.

आता दुसरी बाजू पाहू. आमच्या जळोची, बारामती, इंदापूर पट्ट्यात जत्रेला तमाशाचा फड येतो. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे सुपारी द्यायला जातात. या तमाशात पुरुषाने स्त्रीरूप घेण्याची परंपरा पिढ्यानपिढ्यांची आहे. गवळणीतली मावशी पुरुषच होतो. नाच्याही पुरुषच. ही कला प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा जातींनी पोसली. त्या नाच्याला 'राणी' कोणी म्हटले नाही. त्याच्या वाट्याला आली ती शिवी. आजही गावात एखाद्याचा अपमान करायचा असेल तर 'नाच्या' हा एकच शब्द पुरतो.

याउलट संगीत नाटकाकडे पाहा. नारायण श्रीपाद राजहंस यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि ते 'बालगंधर्व' झाले. कुलीन घरच्या स्त्रिया त्यांच्या साडीची, दागिन्यांची नक्कल करू लागल्या. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. त्यांची कला थोर होती, याविषयी आमचा वाद नाही. आमचा सवाल एवढाच की, साडी तीच, पुरुष तोच. मग एकाच्या नावाचे रंगमंदिर आणि दुसऱ्याच्या नावाची शिवी, असे का?

कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्या अजरामर केला. प्रत्यक्षात ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. तरी लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घरापर्यंत नेला आणि त्याची झळ कुटुंबाला सोसावी लागली. २००८ मध्ये ते गेले. २०१० मध्ये 'नटरंग' चित्रपट आला आणि नाच्याची व्यथा पाहून पांढरपेशा प्रेक्षकांनी डोळे पुसले. पण थिएटरबाहेर पडल्यावर किती जणांनी खऱ्या फडातल्या नाच्याची विचारपूस केली? 'पाटील' हे आडनावसुद्धा त्या कलावंताला वाचवू शकले नाही, कारण विटाळ तमाशाच्या रंगमंचाला चिकटलेला होता. अस्पृश्यता माणसालाच नव्हे, त्याच्या कलेलाही लावली जाते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात सांगितले की, पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा संविधानाच्या कलम १९ खालील अभिव्यक्तीचा भाग आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. प्रत्येक नाच्या तृतीयपंथी असतो असे नाही; अनेकांसाठी ती निव्वळ पोटाची कला आहे. परंतु अपमान होतो तेव्हा हा फरक कोणी विचारत नाही. म्हणूनच बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधानातील प्रतिष्ठा हा शब्द दोघांच्याही कामाचा आहे.

येथे आम्हाला आपल्या समाजालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. आंबेडकरी जलशांनी शृंगार बाजूला सारून तमाशाचा बाज प्रबोधनाकडे वळवला. ते ऐतिहासिक काम होते. जातीने लादलेला नाच नाकारणे हा स्वाभिमानच आहे. पण नाच नाकारणे वेगळे आणि नाचणाऱ्याला नाकारणे वेगळे. वस्तीतला एखादा मुलगा लावणीवर सुंदर नाचतो म्हणून आपलीच पोरे त्याची टिंगल करतात, तेव्हा ती मनुस्मृतीचीच भाषा बोलत असतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. वाहिन्यांनी साडीतला पुरुष केवळ हसण्यासाठी वापरणे थांबवावे आणि स्पर्धांची निवड फडांपर्यंत न्यावी. तिथे मुंबईची इंग्रजी येते का, हे पाहू नये. शासनाने वृद्ध कलावंतांच्या मानधनात नाच्या आणि मावशी करणाऱ्यांना त्यांच्या कलेच्या नावानेच मान्यता द्यावी. आणि आपण भीमजयंतीच्या मंचावर अशा एका तरी कलावंताला सन्मानाने बोलवावे.

राणीच्या डोक्यावर मुकुट शोभतो, यात शंका नाही. पण एका डोक्यावर मुकुट चढला म्हणून हजारो डोक्यांवरचे अपमानाचे ओझे उतरत नाही. ते उतरवणे हेच खरे काम आहे, आणि त्याची सुरुवात 'नाच्या' हा शब्द शिवी म्हणून न वापरण्यापासून, आपल्या स्वतःच्या तोंडापासून व्हावी.