पक्ष कुणाचा? चार आण्यांच्या पावतीचा विसरलेला इतिहास

१/ 'पक्ष कुणाचा?' हा प्रश्न महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत दोनदा ऐकला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेबाबत आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसबाबत त्याचे उत्तर दिले. दोन्ही वेळा निर्णायक ठरली ती आमदार-खासदारांची संख्या. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा, शाखेत बसणारा, वर्गणी भरणारा सभासद त्या हिशेबात कुठेच नव्हता. तो तिथून नाहीसा कसा झाला, हे सांगणारा हा धागा.

२/ आपण समाजमाध्यमांवर इतिहास लिहिणारे लोक पक्षांचा इतिहास नेत्यांच्या चरित्रांची माळ म्हणून मांडतो आणि शेवटी म्हणतो, 'आपल्याकडे पक्ष म्हणजे नेताच. हे असेच चालत आले आहे.' माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. हे असे चालत आलेले नाही. सभासदाचा हक्क आपल्याकडे होता, नियमांत लिहिलेला होता आणि वापरलाही जात होता. तो पुढे टप्प्याटप्प्याने निकामी करण्यात आला, आणि त्या टप्प्यांच्या तारखा सांगता येतात.

३/ सुरुवात पुण्यापासून करू. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. सभेचा एक नियम विलक्षण होता. सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. काँग्रेसचा जन्म अजून १५ वर्षे दूर होता.

४/ या नियमाचा अर्थ नीट पाहा. 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणणाऱ्याला सभा विचारत होती, 'कोणाच्या वतीने? कागद दाखवा.' सरकारने सभेच्या अर्जांची दखल घेतली, त्यामागे हे बळ होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा केली. १८९६-९७ च्या दुष्काळात तिच्या प्रचारकांनी शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतील त्यांचे हक्क समजावून सांगितले. सरकार इतके अस्वस्थ झाले, की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. स्थानिक संघटना काम करू लागली की ती सत्तेला बोचते, याचा हा आपल्याकडचा जुना पुरावा.

५/ याच सभेत १८९५ साली तट पडले. व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाला बहुमत मिळाले आणि रानडे-गोखले यांचा गट अल्पमतात गेला. त्या गटाने काय केले? १८९६ मध्ये 'डेक्कन सभा' ही नवी संस्था काढली. संस्थेचे नाव आणि दप्तर बहुमताकडे राहिले. हरलेल्यांनी वेगळी चूल मांडली. टिळकांनी संस्था बळकावली असे कुणी म्हणेल, तर त्यावर वाद होऊ शकतो. पण निकाल सभासदांच्या मताने लागला, हे नाकारता येत नाही.

६/ इथे गतकाळाचे गोडवे गायचे नाहीत. सार्वजनिक सभेत ब्राह्मण, सरदार, सावकार यांचाच भरणा होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सवाल बिनतोड होता: जिथे शूद्रातिशूद्र नाहीत, ती सभा 'सार्वजनिक' कशी? म्हणजे सभासदाचा हक्क आणि सभासद होण्याचा हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सभेने सोडवला, दुसरा तिने टाळला. पुढचा सगळा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

७/ सभासदत्वाचे नियम किती धारदार असतात, हे १९०८ मध्ये टिळकपक्षाने अनुभवले. सुरतेच्या फुटीनंतर मवाळांनी काँग्रेसची घटना बनवली: ध्येयवाक्य लेखी मान्य करा, आणि मान्यताप्राप्त समित्यांमार्फतच प्रतिनिधी निवडा. या एका तरतुदीने जहालांना वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी निवडण्याचा नियम सैल झाला, तेव्हा कुठे टिळक १९१६ मध्ये लखनौला परतले. 'लोकमान्य' असूनही दार उघडले ते नियमाने. स्थानिक समितीचे नियम कंटाळवाणे वाटतात त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

८/ एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली. वर्षभरात तिचे सुमारे १४,००० सभासद झाले आणि १९१८ च्या आरंभी ३२,०००. ॲनी बेझंट यांच्या लीगमध्ये तर कोणत्याही ३ व्यक्ती एकत्र येऊन शाखा उघडू शकत. शाखांनी वाचनालये चालवली, व्याख्याने ठेवली, पत्रके वाटली. राजकारण वर्षाकाठच्या अधिवेशनातून बाहेर पडून तालुक्याच्या गावात बारमाही होऊ लागले.

९/ मग आले नागपूर, डिसेंबर १९२०. आपण हे अधिवेशन असहकाराच्या ठरावासाठी लक्षात ठेवतो. पण त्याच अधिवेशनाने काँग्रेसला नवी घटना दिली. २१ वर्षांवरील कोणीही काँग्रेसचे ध्येय मान्य करून वर्षाला ४ आणे भरावेत आणि सभासद व्हावे. गाव, तालुका, जिल्हा, प्रांत आणि अखिल भारतीय समिती अशी उतरंड ठरली. लोकसंख्येच्या दर ५०,००० मागे एक प्रतिनिधी आणि वर १५ जणांची कार्यकारिणी. तीन दिवसांचा वार्षिक मेळा वर्षभर चालणारा पक्ष झाला.

१०/ प्रांतही भाषेवर आखले गेले. मराठी मुलुखात महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर आणि वऱ्हाड अशा चार प्रांतिक समित्या झाल्या. मराठीतून तक्रार करता येईल, मराठीतून ठराव मांडता येईल अशी समिती मिळाल्यावर इंग्रजी न येणारा सभासदही बोलू लागला. सभासदत्वाचा प्रश्न भाषेचाही असतो, ही जाण १ मे १९६० च्या चाळीस वर्षे आधी पक्षाच्या घटनेत उतरली होती.

११/ ४ आण्यांच्या पावतीत तीन गोष्टी होत्या. एक, किंमत: रुपयाचा चौथा भाग, म्हणजे गरिबाला जाणवेल पण अडवणार नाही इतकी. दोन, जागा: सभासद अमुक तालुक्याच्या, अमुक समितीच्या वहीत नोंदलेला असे. तीन, मत: त्या समितीच्या निवडणुकीत आणि तिच्यातून वर जाणाऱ्या प्रतिनिधींच्या निवडीत. या तिन्हींपैकी एक काढा, सभासद उरत नाही. देणगीदार उरतो, किंवा गर्दी.

१२/ पहिली परीक्षा लगेच झाली. मार्च १९२१ मध्ये बेझवाड्याला ३० जूनपर्यंतचे लक्ष्य ठरले: टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये, १ कोटी सभासद, २० लाख चरखे. रुपये कोटीच्या वर गेले. सभासद सुमारे ५० लाखांवर थांबले. नेता निधी उभा करू शकतो, सभासद नाही. सभासद घडवायला तालुक्यात रोज जाणारा माणूस लागतो. तरीही १९२१ चा इतिहास सांगताना आपण निधीचा आकडा सांगतो आणि सभासदांचा गाळतो.

१३/ दुसरी परीक्षा उलट्या दिशेची. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, म्हणजे गांधीजी अध्यक्ष असलेल्या एकमेव अधिवेशनात, ४ आण्यांच्या जागी दरमहा २,००० वार सुताची अट आली. हेतू उदात्त होता: सभासदाने श्रम द्यावेत. परिणाम असा, की सभासदसंख्या रोडावली आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ४ आण्यांचा पर्याय परत आणावा लागला. दार बंद करणारा नियम नेहमी वाईट हेतूनेच येतो असे नाही. अतिशुद्धतेचाही उंबरठा उंच होतो.

१४/ तिसरी परीक्षा सत्तेची. १९३६ मध्ये काँग्रेसचे सुमारे ५ लाख सभासद होते. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली. १९३८ मध्ये सभासद ३१ लाखांवर गेले आणि १९३९ मध्ये ४५ लाखांच्या आसपास. यात खरा उत्साह होता, तसे बोगस सभासदही होते. कुणीतरी दुसऱ्याचे ४ आणे भरून याद्या फुगवत होते. गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर कठोर शब्दांत लिहिले. खोटी नोंद होत होती कारण सभासदाच्या मताला भाव होता. निरुपयोगी कागदाची बनावट कोणी करीत नाही.

१५/ आणि मग त्रिपुरी. २९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या प्रतिनिधींनी सुभाषचंद्र बोसांना १,५८० विरुद्ध १,३७५ मतांनी अध्यक्ष निवडले. पट्टाभी सीतारामय्यांचा पराभव गांधीजींनी स्वतःचा मानला. मार्चमध्ये पंत ठरावाने अध्यक्षाला गांधीजींच्या इच्छेनुसारच कार्यकारिणी नेमण्याचे बंधन घातले. एप्रिलअखेर बोसांनी राजीनामा दिला. गांधीजी तेव्हा काँग्रेसचे ४ आण्यांचेही सभासद नव्हते. १९३४ मध्येच ते बाहेर पडले होते. गांधी बरोबर की बोस, हा वाद इथे नको. मुद्दा असा, की खालून आलेले मत वरच्या वजनाखाली दबले, आणि ते चालते हे सर्वांना कळले.

१६/ स्वातंत्र्यानंतर धडा गिरवला गेला. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन १,३०६ मते मिळवून अध्यक्ष झाले. आचार्य कृपलानींना १,०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२ मते पडली. टंडनांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला अधिवेशन झाले. वर्षभरात, सप्टेंबर १९५१ मध्ये, टंडनांना पद सोडावे लागले आणि पंतप्रधान नेहरू स्वतः पक्षाध्यक्ष झाले. पुढे १९७२ ते १९९२ अशी २० वर्षे काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. २० वर्षे! त्या काळात पक्षात आलेला तरुण सभासद मत न देता प्रौढ झाला.

१७/ 'फक्त काँग्रेसच का?' असे कोणी विचारेल. कारण मोडण्यासारखी घटना तिच्याकडे होती. नंतरच्या अनेक पक्षांनी ही चूक टाळली: त्यांनी मोडता येईल असा हक्क दिलाच नाही. पदाधिकारी वरून नेमायचे, जिल्हाध्यक्ष मुंबईहून किंवा दिल्लीहून जाहीर करायचा, आणि 'आदेश' हा शब्द अभिमानाने वापरायचा. यात उजवे-डावे, प्रादेशिक-राष्ट्रीय असा भेद फारसा उरलेला नाही.

१८/ कायद्याने काय केले? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात पक्षाच्या विलीनीकरणाची कसोटी विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांवर टांगली. सभासदांना विचारण्याची तरतूद नाही. १९८९ पासून पक्षनोंदणीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २९अ आहे. नोंदणीच्या अर्जाला किमान १०० सभासद लागतात; पण नंतर त्या सभासदांना नियमित मत मिळालेच पाहिजे, अशी थेट सक्ती त्या कलमात नाही. पक्ष जन्माला घालताना सभासद लागतो, चालवताना लागत नाही.

१९/ २०२३ मध्ये हे चक्र पूर्ण झाले. शिवसेनेच्या वादात प्राथमिक सभासदांची प्रतिज्ञापत्रे ढिगाने सादर झाली. पक्षघटनेत लोकशाही नाही, संघटनेतील बहुमत विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून विधिमंडळातील बहुमत पाहू, असे आयोगाचे म्हणणे पडले. मला हा निकाल मान्य नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आयोगाच्या हाती हे निमित्त पक्षांनीच दिले. ज्या घरात सभासदाला कधी विचारले नाही, त्या घराच्या वाटणीत त्याची साक्ष कोण काढणार?

२०/ यावर उत्तर येते, 'लाखो सभासद मोजणे व्यवहार्य नाही, याद्या खोट्या असतात.' तारा आणि पोस्टकार्डांच्या काळात, तुरुंगवाऱ्या सांभाळून, एक बंदी येऊ घातलेली संघटना तालुकावार याद्या ठेवीत होती आणि त्यांवरून निवडणुका घेत होती. आज एका क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की आपण सभासद होतो. किंमत नाही, जागा नाही, मत नाही. तंत्रज्ञानाने नोंदणी सोपी केली. मतदान मात्र कोणी सोपे केले नाही. अडचण मोजण्याची असती, तर हे उलटे झाले असते.

२१/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. नेत्यांची चरित्रे वाचाच. पण आपल्या तालुक्यातील जुन्या वाचनालयात, एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पावतीपुस्तके, इतिवृत्ताच्या वह्या, सभासदांच्या याद्या पडल्या आहेत का, ते पाहा. रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्या. कोण किती वर्षे वर्गणी भरत होते, कोणत्या बैठकीत कोणी विरोध नोंदवला, स्त्रिया आणि दलित त्या यादीत केव्हा आले आणि केव्हा गळले, हे तिथेच सापडेल.

२२/ आणि तुम्ही स्वतः कोणत्याही पक्षाचे सभासद असाल, तर आपल्या जिल्हाध्यक्षाला एकच प्रश्न विचारा: 'आपल्याला कोणी निवडले?' उत्तर 'पक्षश्रेष्ठींनी' असे आले, तर १८७० सालच्या पुण्यात ५० सह्यांचा कागद घेऊन सभेच्या दारात उभा असलेला माणूस आठवा. त्याच्यापाशी मताधिकार नव्हता, संविधान नव्हते, स्वराज्य नव्हते. तरीही आपण कोणाच्या वतीने उभे आहोत, हे त्याला सांगता येत होते.