भाजी धुवायला नळ कुठे आहे?

शालेय पोषण आहारातून मुलांना उलट्या झाल्याची बातमी आली, की पहिले बोट आहार शिजवणाऱ्या बाईकडे जाते. "बाईंनी भाजी नीट धुतली नाही." झाले, चौकशी संपली! मला याचाच राग येतो.

या बाईचे मानधन २०२३ मध्ये महिना २,५०० रुपये झाले. त्याआधी तर १,५०० च होते. तांदूळ-डाळ शाळेत पोचते, भाजीचे मात्र शाळेने आपले बघायचे. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी, म्हणजे दोनशे पोरांना १० किलो. आमच्या ईश्वरपूरकडे भाजीला तोटा नाही. पण मेथीच्या एका पेंडीतून किती माती निघते, ते घरात निवडणाऱ्या माणसाला विचारा. दहा किलो पाला तीन पाण्यांनी धुवायचा तर वाहता नळ लागतो. जिथे तो नाही तिथे पिंपातून तांब्याने पाणी घ्यायचे, आणि त्याच तांब्याने हातही धुवायचे. मग दोष बाईचा कसा?

त्यात २०२४ च्या जूनमध्ये शासनाने तीन पदार्थांचा आहार काढला, त्यात मोड आलेली कडधान्ये. मटकी पौष्टिक, कोण नाही म्हणतो? पण ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात, आणि वरून पाणी फिरवून ते जात नाहीत. जपानच्या साकाई शहरात १९९६ साली शाळेच्या जेवणातून ई. कोलायची साथ पसरली. हजारो मुले आजारी पडली, काही दगावली. संशय होता मुळ्याच्या कच्च्या मोडांवर. जपानची ही गत, तर आपल्या पत्र्याच्या शेडचे काय सांगावे! मटकीची उसळ करा, चांगली रटरटू द्या, गरम वाढा. कच्ची वाढायचा हट्ट कोणी अधिकारी करत असेल तर मुख्याध्यापकांनी सरळ नाही म्हणावे. (म्हणतील का, हा निराळा प्रश्न.)

मुलांच्या आधी शिक्षकाने आहाराची चव घ्यायची आणि नोंदवहीत सही करायची, हाही नियम आहे. खारट-तिखट त्यात कळते. जंतू जिभेला कसे कळणार?

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तुमचीच माणसे बहुमतात असतात. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा, की भाजी धुवायचा नळ कुठे आहे आणि त्याला पाणी किती वाजता येते. मी विचारले तर म्हणतात, मास्तर रिटायर झाले पण तपासणी काही सुटली नाही.