पंडिता रमाबाईंच्या झाडाला पाणी कोण घालणार?

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. पाच जूनला पर्यावरण दिन, त्यानिमित्त कंपाउंडच्या कडेने बारा झाडं लावायची आणि प्रत्येक झाडाला एकेका समाजसुधारकाचं नाव द्यायचं. झाडाखाली स्टीलची पाटी, पाटीवर नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि एक ओळ. नेरूळमधल्या सोसायटीच्या मानाने कल्पना बरीच बरी होती. नाहीतर आमच्याकडे ग्रुपवर चर्चा होते ती पार्किंगची, टँकरची आणि कुत्र्यांची.

यादीत अकरा नावं होती. बारावं सुचवा, असं कमिटीने म्हटलं होतं. मी लिहिलं : पंडिता रमाबाई.

पहिलं उत्तर आलं, ‘म्हणजे रानडे ना? मालिका छान होती.’ दुसरं आलं, ‘माता रमाईंचं नाव आहे ऑलरेडी, चार नंबर बघा.’ मी सांगितलं की या तिसऱ्या. रमाबाई डोंगरे, लग्नानंतर मेधावी. शारदा सदनवाल्या, केडगावच्या मुक्ती मिशनवाल्या. मग दहा मिनिटं ग्रुपवर शांतता. बहुतेक सगळे गूगल करत असावेत. त्यानंतर एका काकांचा मेसेज : ‘त्या कन्व्हर्ट झाल्या होत्या ना? उगाच वाद नको.’ त्याखाली सात अंगठे.

ज्याने अंगठे दिले त्यातले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत. ते दुष्ट नाहीत. त्यांच्या मुलांना मी कोडिंग शिकवलंय, त्यांच्या घरचे मोदक खाल्लेत. म्हणूनच हे लिहितोय. कारण ‘उगाच वाद नको’ हे वाक्य शंभर-सव्वाशे वर्षं या बाईच्या नावापुढे फुली मारत आलंय, आणि ते नेहमी चांगली माणसंच म्हणतात.

दोन दिवसांनी सेक्रेटरींनी तोडगा काढला. नाव ठेवू, पण पाटीवर लिहू ‘थोर संस्कृत विदुषी’. बस. झाड मिळालं, नाव मिळालं, वादही नाही. मी पीएमएसाठी काम करणाऱ्या टेस्टरसारखा विचार केला : अट पूर्ण होतेय, केस पास करून टाकावी का? नाही केली. त्या तोडग्याचा मला मूळ नकारापेक्षा जास्त राग आला.

ती संस्कृत विदुषी होती हे शंभर टक्के खरं. १८५८मध्ये गंगामूळच्या जंगलात जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जातभाईंचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर ती देशभर पायी हिंडली. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आमच्या पाटीची गोष्ट इथे संपते. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढची चव्वेचाळीस वर्षं पाटीवर मावत नाहीत, कारण त्यातली जवळपास एकोणचाळीस वर्षं ती ख्रिस्ती होती. सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. १८८७चं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’, १८८९चं अमेरिकेचं प्रवासवृत्त, मुंबईत सुरू झालेलं आणि मग पुण्याला गेलेलं शारदा सदन, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, केडगाव, छापखाना, बायबलचं भाषांतर : सगळं त्यानंतरचं. म्हणजे तिने जे केलं ते सोडून तिला जे येत होतं तेवढंच आपण लिहिणार. रेझ्युमेत अनुभवाचा रकाना कोरा ठेवून फक्त डिग्री छापल्यासारखं.

आता कोणी म्हणेल, धर्म ही तिची खासगी बाब, कामाचं बोला. हे फार सुसंस्कृत वाटतं, पण तिच्या बाबतीत अजिबात लागू नाही. धर्म हेच तिचं काम होतं. शास्त्रांनी बाईला काय दिलं हा प्रश्न तिने शास्त्रं पाठ असताना विचारला. उत्तर पटलं नाही म्हणून ती उठून गेली. आणि जिथे गेली तिथेही मान खाली घालून बसली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि बिशप तिला सांगत होते की चर्च म्हणतं ते मान. ती उलट पत्रं लिहून विचारत होती की का मानू. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरी कशाला गळ्यात घेऊ. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून तिने त्यांच्याशी रीतसर भांडण मांडलं. हा पत्रव्यवहार १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, म्हणजे आपल्याच सरकारी मंडळाने, छापलाय. कॉलरवाल्यांशी अशी हुज्जत घालणाऱ्या माणसाला युरोपात प्रॉटेस्टंट सुधारक म्हणतात आणि चौकात उभं करतात.

युरोपातलं उदाहरण मुद्दाम घेतोय, कारण पुतळे आणि झाडं हा धंदा जर्मनांनी आपल्या आधी करून पाहिलाय. मार्टिन ल्यूथरचा विटेनबर्गमधला पुतळा १८२१चा. वर्म्समधलं स्मारक १८६८चं. त्यात ल्यूथर मध्ये उंचावर आणि भोवती हुस, विक्लिफ, सावोनारोला वगैरे आधीचे बंडखोर बसलेले. विटेनबर्गला एक ओक आहे, ‘ल्यूथरचा ओक’. १५२०च्या डिसेंबरात पोपचा फतवा ल्यूथरने जिथे जाळला तिथला म्हणून दाखवतात. पण मूळचं झाड १८१३मध्ये नेपोलियनच्या युद्धात तोडलं गेलं. आज जे आहे ते १८३०मध्ये लावलेलं. १८८३मध्ये ल्यूथरच्या चारशेव्या जयंतीला जर्मनीत गावोगावी ओक लावले गेले. (रमाबाईंच्या बाप्तिस्म्याचंच साल. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मला आवडला.) ते ओक धर्मापेक्षा नव्या जर्मन साम्राज्याच्या अभिमानाचे जास्त होते. रोमशी भांडलेला साधू तोवर राष्ट्रपुरुष झाला होता. त्याने १५४३मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलेलं विषारी पुस्तक कुठल्याही ओकाच्या पाटीवर नव्हतं. पन्नास वर्षांनी नाझींनी ते बरोबर शोधून काढलं.

म्हणून माझा संशय असा की झाड पुतळ्यापेक्षा जास्त लबाड असतं. पुतळा निदान उघडपणे सांगतो, मला कोणीतरी, कुठल्यातरी हेतूने, पैसे देऊन उभं केलंय. तो पडला की चौकशीही होते. मालवणच्या राजकोटवरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला, तेव्हा निदान कंत्राट कोणाचं, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने विचारला. झाड मेलं तर कोणी विचारत नाही. झाड जगलं तर ते इतकं निरागस दिसतं की पाटीवर काय लिहिलंय आणि काय गाळलंय, यावर भांडायला लाज वाटते. ‘उद्या जग बुडणार असलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावेन’ अशा अर्थाचं वाक्य ल्यूथरच्या नावावर जगभर फिरतं. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४चा आहे. गोड वाक्य, गोड झाड, आणि खाली भलताच माणूस.

याच विटेनबर्गमध्ये उलट उदाहरणही आहे. ल्यूथर जिथे प्रवचनं द्यायचा त्या चर्चच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारं मध्ययुगीन शिल्प आहे. १९८८मध्ये त्याच्या खाली जमिनीवर एक स्मृतिफलक बसवला गेला, ज्यूंच्या संहाराची आठवण देणारा. ते शिल्प काढावं म्हणून एक माणूस कोर्टात गेला. २०२२मध्ये सर्वोच्च पातळीवर तो हरला. निकाल चूक की बरोबर हे तुम्ही ठरवा. मला त्यातली गोष्ट एवढीच घ्यायचीय की वाद पाटीवर लिहिता येतो. वाद टाळायचा म्हणून पाटी छोटी करायची गरज नसते.

आपल्याकडचा वाद तर किती श्रीमंत आहे! १८९३मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात काहूर उठलं. ‘केसरी’ तिच्यावर तुटून पडला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याआधी १८८५मध्ये, तिच्या धर्मांतराचा गदारोळ चालू असताना, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ काढून तिची बाजू घेतली होती. टिळक, रानडे, फुले या तिघांचीही नावं आमच्या अकराच्या यादीत आहेत. म्हणजे जिच्यावरून ही माणसं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली तिला वगळून आम्ही त्यांना एका रांगेत, तीन-तीन फुटांवर लावणार. सलोख्याने. ठिबक सिंचनावर.

मी रमाबाईंचा भक्त नाही, हे इथे सांगून टाकतो. दुष्काळातून उचलून आणलेली, आई-बाप मेलेली दहा वर्षांची मुलगी ख्रिस्ती होते तेव्हा तिने धर्म ‘निवडला’ असं म्हणता येईल का? मला नाही वाटत म्हणता येईल. ती मुलगी मिशनमध्ये जगली, वाचायला शिकली, खिळे जुळवायला शिकली, हेही तितकंच खरं. आणि तिला उचलायला तेव्हा पुण्याहून दुसरं कोण गेलं होतं, हा प्रश्न त्याहून अवघड. या दोन्ही गोष्टी पाटीवर याव्यात. चर्चवालेही त्यांच्या बाजूने हात मारतातच. त्यांच्या भक्तिपर पुस्तिकांत रमाबाई प्रार्थना करत असतात, १९०५चं आध्यात्मिक जागरण असतं, पण बिशपांशी भांडणारी बाई गायब. तिकडे ‘विदुषी’ उरते, इकडे ‘संत’ उरते. भांडखोर बाई कोणालाच नको.

सरकारदरबारी स्मारकं अगदीच नाहीत असं नाही. मुंबईत गावदेवीला तिच्या नावाचा रस्ता आहे. १९८९मध्ये टपाल तिकीट निघालं. आणि शुक्र ग्रहावर एका विवराला ‘मेधावी’ असं तिचं नाव आहे. शुक्रावर तापमान साडेचारशे अंशांच्या वर असतं, तिथे तिला जागा मिळाली. नेरूळमध्ये वाद होईल.

खरं म्हणजे झाडांशी तिचं नातं आमच्या कमिटीला कळलं असतं तर पीडीएफ वेगळी झाली असती. शारदा सदनाला अमेरिकेतून मदत होती, पण कबूल होती ती दहा वर्षांपुरती. ती मुदत संपायच्या आत स्वतःचं उत्पन्न हवं, म्हणून तिने दौंडच्या वाटेवर केडगावला माळरानाची सुमारे शंभर एकर जमीन घेतली. (मॅपवर टाकाल तर आधी नगरचं केडगाव येतं. ते नव्हे.) विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मुक्ती मिशन उभं राहायच्या आधी तिथे बाग होती. ती झाडं कोणाच्या आठवणीसाठी नव्हती. फळं विकून मुलींचा खर्च भागवायचा, देणगीदारापुढे हात पसरायचा नाही, हा हिशेब होता. आमच्या झाडांना फळं नकोत, असा कमिटीचा ठराव आहे. गाड्यांवर पडतात.

दुसरं स्मारक तिने स्वतःच करून ठेवलंय. आयुष्याचं शेवटचं दीड दशक तरी ती हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणत होती. संस्कृतात पदव्या मिळवलेली बाई ठरवून संस्कृत शब्द टाळत होती, कारण ते गावातल्या बाईला कळत नाहीत. मिशनच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. एप्रिल १९२२मध्ये ती गेली, पुस्तक १९२४मध्ये बाहेर आलं. एकट्या बाईने मूळ भाषांवरून केलेलं अख्खं बायबल जगात किती असेल? ल्यूथरच्या भाषांतराने आधुनिक जर्मन घडवली असं जर्मन मुलं शाळेत शिकतात. आपल्याकडे ‘रमाबाईंचं मराठी’ या विषयावर दोन ओळी मी बारावीपर्यंत वाचल्या नाहीत. तुम्ही वाचल्यात का?

माझा एक मित्र म्हणतो, मग मोठा पुतळा मागा ना, पाम बीच रोडवर, सगळ्यांना दिसेल असा. नको. आमचं शहर १९७०नंतर सिडकोने आखलेलं. इथलं प्रत्येक नाव कोणीतरी मागून, भांडून किंवा लादून दिलेलं आहे, विमानतळाच्या नावासाठी भूमिपुत्र किती वर्षं रस्त्यावर होते ते आपण पाहिलं. पुतळ्याला मागे गर्दी लागते आणि रमाबाईंच्या मागे मतांची गर्दी नाही. मराठी ख्रिस्ती माणसं थोडी, विखुरलेली, आणि सध्याच्या हवेत स्वतःहून पुढे येणार नाहीत. त्यांच्या नावावर आपण पुतळा मागायचा आणि दगड त्यांच्या काचांवर पडायचे, हे शौर्य नव्हे. ऐरोलीच्या आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, मला स्मारकाची ती जात आवडते. तिथे किंवा कुठेही, जिथे पोरं एमपीएससीच्या अभ्यासाला बसतात तिथे, तिचं अमेरिकेचं प्रवासवृत्त आणि तो पत्रव्यवहार एका फळीवर ठेवा. खर्च पुतळ्याच्या चौथऱ्याच्या एका फरशीइतका.

आणि झाड? राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ला दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. नवी मुंबईत सिडकोने लावलेली पहिली झाडं आत्ता कुठे त्या वयाला येतायत. बरीचशी त्याआधीच पेव्हर ब्लॉकने गळा आवळून किंवा रस्ता रुंदीकरणात गेली. आमच्या बारा झाडांपैकी किती पन्नाशी गाठतील, याचा अंदाज मी करत नाही.

पाच जूनला कार्यक्रम झाला. नगरसेवक आले, फोटो झाले. बाराव्या खड्ड्यात ताम्हण लावलं. पाटी लावू दिली नाही मी. तेवढा हट्ट केला. माझा मजकूर मी कमिटीला दिलाय, बावीस शब्दांचा, त्यात ‘ख्रिस्ती’ हा शब्द आहे आणि ‘भांडली’ हाही. तो वार्षिक सभेच्या अजेंड्यावर नवव्या क्रमांकावर आहे, लिफ्टच्या एएमसीनंतर. तोवर ताम्हणाला रोज सकाळी शिफ्टच्या आधी मी एक बादली घालतो. परवा ‘उगाच वाद नको’वाले काका खाली आले होते. बुंध्याशी कोणीतरी सिमेंट सांडलं होतं, ते ते काठीने उकरत होते. मला बघून म्हणाले, ‘ती बायबलवाली बाई, तिचं पुस्तक आहे का रे तुझ्याकडे? ते प्रवासाचं.’

दिलं त्यांना. अजून परत आलेलं नाही.