खिंड कोणी ओलांडली?

धाराशिवहून हिमालयात जाऊन आलेल्या मंडळींची ट्रेकवर्णने आम्ही बरीच वर्षे नेमाने वाचत आलो आहोत. दिवाळी अंकांत, स्मरणिकांत, रविवारच्या पुरवण्यांत ती येतात आणि एक वाचले की उरलेली वाचावी लागत नाहीत. कसोलचा तळ, ग्रहण गाव, मिन थाच, नगारू, पहाटेच्या अंधारात निघालेली रांग, बर्फावरची घसरगुंडी, परतल्यावर हाती पडलेले प्रमाणपत्र. शेवटी ठरलेले वाक्य : 'आम्ही सर पास सर केला.' हा श्लेष आपल्यालाच प्रथम सुचला असे प्रत्येकास वाटते.

आमचा पहिला आक्षेप या क्रियापदावर आहे. सर करतात तो किल्ला. तिथे आत कोणीतरी शत्रू असावा लागतो. खिंड म्हणजे डोंगररांगेतली त्यातल्या त्यात खालची जागा. कमीत कमी श्रमांत पलीकडे जाता यावे म्हणून मेंढपाळांनी आणि व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधून काढलेली ती वाट आहे. दुसऱ्यांनी सोयीसाठी पाडलेल्या वाटेवरून, दुसऱ्याने वाहिलेल्या तंबूत झोपत, दुसऱ्याने रांधलेली खिचडी खात पलीकडे जायचे आणि विजयाची भाषा बोलायची, याला काय म्हणावे?

हे आमच्या जिल्ह्याला तर मुळीच शोभत नाही. बालाघाट हे नावच घाट चढून वर आलेल्या मुलखाचे आहे. आमच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगराचा, उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तिथले कापड, मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला पोहोचते, असे तो अनामिक लेखक सांगतो. माल काय आणि तो कसा जातो, याची त्याला जाणीव होती. मराठीतही उदाहरण आहे. गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला, आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या 'माझा प्रवास'मध्ये भीती आहे, भूक आहे, लुटले जाणे आहे. डोंगर जिंकल्याचा अभिमान नाही. आपल्या प्रवासवर्णनाची सुरुवात इतकी प्रामाणिक असताना ते शंभर वर्षांत इतके फुगले कसे?

कोणी म्हणेल, पैसे मोजले आहेत, खेचरवाल्याला रोजगार मिळाला आहे, मग तक्रार कसली? रोजगाराबद्दल तक्रार नाहीच. 'सॅक ऑफलोड केली' या तीन शब्दांत जे गडप होते त्याबद्दल आहे. ती सॅक कोणाच्या पाठीवर गेली? तो माणूस कुठल्या गावचा, त्याला दिवसाला काय मिळाले, बर्फात त्याच्या पायांत काय होते? निसर्गाला दोन पाने देणाऱ्या लेखकाकडे यासाठी एक ओळ नसते.

आणि आता आमचाच गुन्हा. आम्हीही गेलो होतो. आमच्या गटातल्या एका मित्राने डोकेदुखी लपवली, कारण सांगितली तर खाली पाठवतील. सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर राहणारी आम्ही माणसे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय संकेत आमच्यापैकी कोणीही वाचलेला नव्हता. 'इच्छाशक्ती' मात्र पुष्कळ वाचली होती. मित्राने सलग दोन वेळा ताट तसेच परत दिले, हे स्वयंपाक्याच्या ध्यानात आले. त्याने गटप्रमुखाशी वाद घातला आणि रात्रीच त्याला हाताला धरून खाली नेले. मित्र आज धडधाकट आहे. आम्ही दिवाळी अंकात लिहिले : 'निसर्गकृपेने सर्वजण सुखरूप परतलो.' स्वयंपाक्याचे नाव लिहिले नाही, कारण विचारलेच नव्हते.

हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर हिमवादळात सापडून २२ जणांच्या गटातले ९ जण दगावले. वादळ कोणाच्या लेखनाने येत नाही, हे आम्हालाही कळते. पण परत फिरणे हा कमीपणा आहे अशी समजूत लेखनानेच पसरते, आणि परत फिरलेल्याचे वर्णन आम्ही मराठीत क्वचितच वाचले आहे.

धाराशिवच्या लेखकाला तर अज्ञानाची सबबही नाही. दिवाळी सरली की भूम, वाशी, परंडा, कळंब भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, नवराबायकोचा मिळून एक कोयता, फडाजवळच्या खोप्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. हाही अनेक महिन्यांचा, दुसऱ्याच्या मार्गदर्शनाखाली केलेला सामूहिक प्रवासच आहे. त्याचे प्रमाणपत्र नसते. हे पाहत वाढलेल्या माणसाला नगारूच्या चढावर दोरखंडाने सिलिंडर बांधून निघालेला पोरगा ओळखू येऊ नये?

पुढच्या मे महिन्यात आमच्या गावातून आणखी एक गट जाणार आहे. त्यांच्यापैकी जो लिहिणार असेल त्याने छायाचित्रे कमी आणावीत. सामान वाहणाऱ्यांची नावे, त्यांची गावे, ओझ्याचे वजन आणि रोज लिहून आणावा. त्या स्वयंपाक्याचा ठावठिकाणा लागला, तर आम्हालाही कळवावे.